वरच्या मजल्यांचे अंगठे

३ तारीख, मंगळवार

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. परवा, रविवारी, मी एकतीस माणसांचे अंगठे लावले. त्यांना न विचारता. आणि माझ्या पायाने.

हसा, मीही हसलो. जिन्यात बसायचं, चप्पल काढायची, पायाचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचा आणि वहीवर अलगद टेकवायचा. करून बघा एकदा, तोल जातो की नाही. आमच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत मी नीट गेलो होतो, शपथेवर सांगतो. दारं वाजवली, लोकांना समजावलं, त्यांचे खरे अंगठे घेतले. पण चौथा आणि पाचवा राहिला. लिफ्ट बंद, ऊन मी म्हणत होतं, आणि पाचव्यावर तो बँडमास्तर राहतो. रिटायर झालाय, पण काठी रिटायर झालेली नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या बेलच्या बटणात काडी खुपसून पळालो होतो. ती बेल अख्खी दुपार वाजत होती. तेव्हापासून त्याने जाहीर करून ठेवलंय की हे कार्टं वर दिसलं तर तंगडी मोडून हातात देईन. आता तंगडी मोडून घेऊन कोणी सरकार बदलायला जातं का?

वरच्या दोन मजल्यांची यादी हातात होतीच. नाव वाचलं, अंगठा. नाव वाचलं, अंगठा. कधी डावा पाय, कधी उजवा, कधी तिरका, कधी नुसती कड, म्हणजे सगळे एकाच आईची लेकरं वाटायला नकोत. हाताचे मुद्दाम नाही लावले. हाताचे ठसे पोलिसांकडे असतात. पायाचे कुणाकडे असतात? शाळेत दोनदा नापास झालो म्हणून एवढीही अक्कल नाही असं नाही.

आज ती वही जमा झाली. नगरभवनाच्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. पाहिजे होते साडेतीन हजार, भरले तीन हजार पाचशे एकोणीस. आत्याने आकडा वाचला आणि लोकांनी टाळ्यांनी कबुतरं उडवली. मी मनातल्या मनात माझे एकतीस वजा केले. बारा कमी पडले असते. म्हणजे बघा, मी जिना चढलो नाही म्हणून आम्ही जिंकलो. कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. मी बुटांच्या दुकानात काम करतो, तिथल्या उस्तादांनी जुनी मापवही मला हिशेबाबाहेर दिली होती, तिच्या कोऱ्या पानांवर.

आत्याने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, अख्खीच्या अख्खी इमारत फक्त ह्यानेच भरली. माझे कान गरम झाले.

४ तारीख, बुधवार

दुपारची सुट्टी. दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून लिहितोय, खाली उस्ताद डुलकी घेतायत.

काल घाईत होतो, आज नीट सांगतो. सहा वर्षांपूर्वी सरकारने आमच्या शहराने निवडून दिलेल्या माणसांना घरी पाठवलं आणि वरून एक प्रशासक आणून बसवला. सहा महिन्यांसाठी, असं म्हणाले होते. त्याचे बूट आमच्याच दुकानात होतात, मापाचे. ज्या लाकडी पायावर बूट ताणतात त्याला कलबूत म्हणतात, आणि त्याचं कलबूत आमच्या फळीवर आहे. डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा नंबर लहान. मी त्या लाकडाला मिशा काढल्या होत्या, तेव्हा उस्तादांनी माझा कान पिळला आणि मिशा पुसल्या नाहीत. त्याचा चेहरा कधी हलत नाही, म्हणून दुकानात आम्ही त्यालाच कलबूत म्हणतो.

माझी आत्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. सत्तावीस वर्षं. मला तिनेच वाढवलं, दुसरं कोणी नव्हतं. कलबूताने तो वॉर्ड बंद केला. आता तिथे त्याच्या सभेच्या खुर्च्या रचून ठेवतात. बायकांना दोन तासांवरच्या दवाखान्यात जावं लागतं. तक्रार केली त्यांना चौकशीला नेलं, त्यातले दोघं अजून आलेच नाहीत. मागच्या वर्षी एक बाळ बसमध्येच आत्याच्या हातात आलं आणि हातातच गेलं.  त्या दिवसापासून ती कायद्याची पुस्तकं आणून वाचायला लागली, बोट ठेवून ठेवून.

त्यात तिला ते कलम सापडलं. शहरातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांनी तीस दिवसांत एका वहीत डाव्या हाताचा अंगठा लावला, तर वरून बसवलेल्याने पंधरा दिवसांत खुर्ची सोडायची आणि मतदान घ्यायचं. सही नाही, अंगठाच. आत्या म्हणते, ज्याने हे लिहिलं त्याला शिकलेला आणि न शिकलेला एकाच मापाने मोजायचा होता.

शाई आमच्या दुकानातली. वाकड्या पायाचं गिऱ्हाईक आलं की आम्ही त्याच्या तळव्याला शाई लावून कागदावर ठसा घेतो, मग बूट बेततो. ती शाई सहा महिने कागदावरून हलत नाही.

पंधरा दिवस. आज एक गेला.

६ तारीख, शुक्रवार

नगरभवनावर नोटीस लागली. ज्यांनी ज्यांनी अंगठा लावला त्यांनी जातीने यायचं, अधिकाऱ्यासमोर वही बघायची आणि सांगायचं, हा माझा की माझा नाही.

आत्या कलम घेऊन गेली. त्यात असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणाली. अधिकारी म्हणाला, असं करू नका असंही कुठे लिहिलेलं नाही.

नोटिशीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. खोटा अंगठा निघाला तर वही जमा करणाऱ्याला तीन वर्षं. वही जमा करणारी म्हणजे आत्या.

मी ती ओळ चार वेळा वाचली. माझे एकतीस जण तिथे जाणार आणि म्हणणार, आमच्याकडे तर कोणी आलंच नव्हतं. दुकानात मी एकाच बुटाला दोनदा टाच ठोकली. उस्तादांनी उपटली आणि स्वतः नीट ठोकली. एरवी म्हणतात, खिळ्या, तुझं लक्ष कुठंय. खिळ्या हे माझं दुकानातलं नाव, टोचतो म्हणून.

आज रात्री आत्याला सांगणार.

७ तारीख, शनिवार

नाही सांगितलं. ती जेवताना पहिल्यांदाच हसली. वॉर्ड परत उघडला की पहिल्या बाळाचं नाव तुझ्यावरून ठेवायला सांगते, म्हणाली. म्हटलं, त्या बाळाने तुझं काय वाकडं केलंय. खूप हसली. मग कसं सांगणार?

९ तारीख, सोमवार

पडताळणी सुरू झाली. मी चहा नेण्याच्या निमित्ताने डोकावून आलो. खोली लहान, भिंतीवर कलबूताचा फोटो, दाराशी दोन पोलीस. टेबलावर वही आणि टेबलामागे एक बारका कारकून. त्याच्या कॉलरला टाचण्या खोचलेल्या असतात, म्हणून मी त्याचं नाव टाचणी ठेवलं. तो ओरडत नाही, धमकावत नाही. फार प्रेमाने विचारतो, बसा, कुठे काम करता, मुलं कोणत्या शाळेत. ते लिहून घेतो. मग वही फिरवतो आणि विचारतो, हा तुमचा?

पहिला दूधवाला गेला. आत्याच्या हातावर ज्याची दोन्ही पोरं जन्मली तो. माझा नाही, म्हणाला. मग शाळेच्या बाई. माझा नाही. मग वायरमन. तो तर वही फिरवायच्या आधीच म्हणाला.

आत्या बाहेर बाकावर बसली होती. जो बाहेर येतो तो तिच्यासमोर आला की खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागतो. दुकानात काम करून इतक्या नाड्या मी कधी बघितल्या नव्हत्या. एकजण तर चपलेत होता, तोही वाकला.

संध्याकाळपर्यंत चारशे झाले. हो म्हणणारे सत्तरसुद्धा नव्हते.

१० तारीख, मंगळवार

आज माझा नंबर होता. माझा स्वतःचा अंगठा, डाव्या हाताचा, खरा, पहिल्या पानावर आत्याच्या खालोखाल.

नाही म्हणालो.

त्याने कागदावर लिहून घेतलं, मी सही केली.

बाहेर आलो तर नाडी बांधायलाही सुचलं नाही, सरळ पळालो. नंतर मनाला समजावलं की मी आत्यासाठीच नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर त्यांनी माझे हातापायाचे ठसे घेतले असते, वही चाळली असती, बाकीचे पकडले असते. हे मला दुकानात पोचल्यावर सुचलं. तिथे खुर्चीत बसलो होतो तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. त्याने फक्त विचारलं होतं, आत्याची तब्येत कशी असते हल्ली.

घरी आत्याने विचारलं नाही. ताट वाढलं.

१३ तारीख, शुक्रवार

आमच्या मागच्या इमारतीचा दिवस. मी कामाला दांडी मारली आणि नगरभवनाच्या मागे सायकली लावतात तिथे, त्या खोलीच्या खिडकीखाली बसलो. आज आत्या तुरुंगात जाणार हे पक्कं होतं. निदान ऐकावं तरी, म्हटलं.

पहिला मजला, माझा नाही, माझा नाही. दुसरा, तिसरा, तेच. ते सगळे खरे अंगठे होते, मी स्वतः त्यांची बोटं धरून शाईवर ठेवली होती. मग चौथा मजला सुरू झाला आणि मी डोळे मिटले.

पहिलीच एक बाई होती, चौथ्यावरची शिवणकाम करणारी. मी तिला कधी बघितलेलं नाही, फक्त तिच्या मशिनचा आवाज ओळखतो. टाचणीने प्रेमाने विचारलं. तिने वही जवळ ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, हो, माझा. मला वाटलं, बिचारी गोंधळली. तिच्यामागचा म्हणाला, माझा. त्याच्यामागची म्हणाली, माझाच तर आहे. मी डोळे उघडले. असं कसं? मी काय त्यांच्या स्वप्नात जाऊन अंगठे घेतले होते की काय?

मग काठीचा आवाज आला. टक, टक, टक.

"हा अंगठा तुमचा?"

बँडमास्तरने चष्मा पुसला असणार, कारण बराच वेळ गेला. "माझा."

"नीट बघा आजोबा. घाई नाही. कुणी तुमच्या नावावर दुसऱ्याचा लावला असेल तर सांगा, तुमच्यावर काही येणार नाही."

"नीटच बघितलंय. माझाच आहे. ऐकू आलं नसेल तर परत म्हणतो." आणि त्याने अशा आवाजात परत म्हटलं की पलीकडे बाकावर आत्या उठून उभी राहिली, असं तिनेच रात्री सांगितलं. चाळीस वर्षं पितळी वाद्यं फुंकलेली छाती ती.

एकतीसमधले सव्वीस हो म्हणाले. पाच नाही म्हणाले, आणि सबंध इमारतीत खरं बोलणारे तेवढे पाचच.

मी निघणार तर पाठीत काठी टोचली. बँडमास्तर. मला वाटलं झालं, तंगडी गेली. पण तो सायकलीला टेकून दम घेत होता.

"महिनाभर दार उघडं ठेवलं होतं मी," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावर तुझा आवाज यायचा. वाटायचं, आता येईल वर. आम्ही सगळ्यांनीच ठेवलं होतं उघडं. तू आला नाहीस. म्हटलं, ठीक आहे, म्हातारी माणसं, वर राहतो, आम्हाला कोण मोजतंय. आणि परवा यादी लागली तर आमची नावं. कोणीतरी आम्हाला मोजलं रे. कोणी, कसं, ते मला विचारायचं नाही. आमच्या मनात होतं तेच लावलंय."

त्याने काठी परत हातात घेतली. 

"बेल दुरुस्त केलीय," एवढं म्हणाला आणि गेला.

१४ तारीख, शनिवार

दिवसभर हलकं वाटलं. दुकानात मी कलबूताच्या चालीची नक्कल केली, अर्धा नंबर लहान डाव्या पायासकट. उस्तादांना ठसका लागला.

सगळे मिळून पाचशे बारा जण हो म्हणालेत. तीन हजार नाही म्हणालेत. खुर्ची काही हलणार नाही हे मलाही कळतं. पण आत्याला तीन वर्षं होणार नाहीत. खोटा अंगठा निघालाच नाही ना! माझे सव्वीस खरे झाले, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचे अंगठे टाचणीला खोटेही नकोत, खरेही नकोत, त्याला ते नुसते मोजायला नको आहेत.

१७ तारीख, मंगळवार

बाहेरून ठसेतज्ज्ञ आलाय. पेटी, भिंग, दिवा. जे नाही म्हणाले त्यांना बोलावणं नाही. जे हो म्हणाले फक्त त्यांचेच अंगठे परत घेऊन जुळवणार.

मला हे सुचलंच नव्हतं. एवढी अक्कल आहे म्हणालो होतो ना वर, ती ओळ खोडतो.

आत्या म्हणाली, बरंच झालं, पाचशे बारा तरी छातीठोक खरे ठरतील. मी तिचे पाय दाबून देत होतो, बाकावर बसून सुजलेत. माझे हात थांबले तर ती म्हणाली, दमलास का रे, जा झोप.

सांगायचं होतं. आता सांगितलं तर ती काय करणार, हा विचार केला. त्या सव्वीस जणांना सांगायला धावत जाईल, म्हणेल नाही म्हणा, आणि स्वतः तीन वर्षं घेईल. तिला ओळखतो मी. आणि नाही सांगितलं तर सव्वीस अडकतात, आणि ती पण. कुठूनही मोजलं तरी उत्तर तेच येतं. म्हणून नाही सांगितलं. खरं सांगायचं तर भीती वाटली.

१८ तारीख, बुधवार

उस्तादांना नगरभवनात बोलावलं. शाई आमची, म्हणून साक्षीला. दोन तासांनी आले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, वही दाखवली, शाई आपलीच आहे का विचारलं, हो म्हटलं. पानं बघितलीत का तुम्ही, विचारलं. बघितली, म्हणाले. पन्नास वर्षं पायच बघतोय, आता अंगठेही बघितले.

मग ते माझ्याकडे बघत बसले. मी नेहमीसारखा अनवाणी मांडी घालून बसलो होतो, बूट पायाच्या पकडीत धरून शिवत. कारागीर सगळेच असे बसतात. त्यांनी आतून एक बुटांचा जोड आणला. कोरा, बंद तोंडाचा, काळा. माझ्यासाठी. उद्यापासून नाही, आतापासूनच पायात घालून बस, म्हणाले. दुकानातही. घरीही. बाहेर कुठे पाय उघडा ठेवायचा नाही.

म्हातारा मऊ पडलाय. आत्याचं काय होणार ते त्यालाही कळतंय, म्हणून असेल. घातले तर अगदी माझेच. माझं माप कधी घेतलं तुम्ही, विचारलं. शिकाऊ होतास तेव्हा सरावाला तुझाच ठसा घ्यायला लावला होता तुला, विसरलास, म्हणाले. मापांच्या जुन्या चळतीतून त्यांनी तो कागद शोधून काढला, थोडा वेळ भिंगाखाली धरला आणि डिंक गरम करायच्या शेगडीत टाकला. एवढा मोठा जाड कागद, मागची बाजू कोरी होती. मला दिला असता तर लिहायला झाला असता.

१९ तारीख, गुरुवार

निकाल लागला. पाचशे बारामधले चारशे शहाऐंशी जुळले. सव्वीस जुळले नाहीत.

दुपारी भोंग्यावर सांगितलं. तीन हजार लोकांनी स्वतः येऊन सांगितलं की अंगठा आमचा नाही, म्हणजे जनता प्रशासनावर खूश आहे. काही मूठभर लोकांनी अधिकाऱ्यासमोर खोटं बोलून दुसऱ्याचा अंगठा आपला म्हणून सांगितला, त्यांच्यावर कारवाई होईल. वही रद्द. कलमाचा पुन्हा विचार होईल.

गाडी आधी आमच्या घरी आली. आत्या कपडे वाळत घालत होती. उरलेले दोन तिने घातले, चिमटे लावले, मग निघाली. मला म्हणाली, गॅस बंद कर.

मग गाडी इमारतीकडे गेली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. चौथ्यावरून शिवणकामवाली उतरली, तिच्या गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच. एका आजीला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. शेवटी टक, टक, टक. बँडमास्तरने बँडचा जुना कोट घातला होता, सगळी बटणं लावून. खालच्या तीन मजल्यांच्या खिडक्या बंद होत्या.

माझ्या पायात नवे बूट होते आणि पाय उचलत नव्हते.

२० तारीख, शुक्रवार

गेलो. सरळ टाचणीच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. ते सव्वीस अंगठे माझे आहेत. माझ्या पायाचे. वही काढा, मी आत्ता लावून दाखवतो. आत्याला माहीत नव्हतं, त्या लोकांनाही नव्हतं, सोडा त्यांना.

त्याने मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. एक कागद शोधून काढला आणि माझ्यासमोर फिरवला.

"ही सही तुझी?"

माझीच होती. दहा तारखेची.

"तू लिहून दिलंयस की या वहीत तुझा एकही अंगठा नाही. आम्ही तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आता सव्वीस माणसं म्हणतात आमचा, आणि तू म्हणतोस तुझा, तोही पायाचा. कोण खरं?" मग आवाज खाली आणला. "फाइल बंद झालीय बाळ. तिला परत उघडून मी वर काय लिहू? की आमच्या ठसेतज्ज्ञाला हात आणि पाय कळत नाही? घरी जा. तुझे विनोद ऐकून आहोत आम्ही."

मी बूट काढायला वाकलो. खरंच काढणार होतो. पोलिसाने दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. दारात शाळेच्या बाई उभ्या होत्या. आत मला वाकलेलं बघून त्यांना वाटलं, मी नाडी बांधत होतो. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

२३ तारीख, सोमवार

कलबूताच्या नव्या बुटांची ऑर्डर आली. दोन जोड. मी डाव्या बुटात तळाला एक बारीक खिळा वर टोक करून ठेवला. देताना उस्तादांनी आत हात घालून तपासलं, खिळा काढला, डबीत टाकला. त्यांच्या बोटाला रक्त आलं होतं. ते त्यांनी फडक्याला पुसलं.

२४ तारीख, मंगळवार

आत्याची भेट मिळाली. दहा मिनिटं, मधे जाळी.

मी रडायचं नाही ठरवलं होतं, पण तीच बोलत सुटली. आजीला गादी मिळालीय. शिवणकामवालीने सगळ्यांच्या फाटक्या चादरी शिवून काढल्या. आत एका मुलीचे दिवस भरत आलेत, तिला मी बघतेय. जुळले नाहीत म्हणे, तज्ज्ञ त्यांचा, भिंग त्यांचं. मग जाळीजवळ येऊन म्हणाली, "तीन हजारांनी पाठ फिरवली तेव्हा मला वाटलं होतं, चुकलं माझं, लोकांना नकोच होतं. ह्या सव्वीस जणांनी मला उभं केलं. काय सांगितलंस रे तू त्यांना वर जाऊन?"

मी म्हटलं, वॉर्डचं सांगितलं. त्या बाळाचं सांगितलं.

"स्वतः गेलास ना? पाचव्यापर्यंत?"

"मग काय. लिफ्ट बंद होती, तरी."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग खाली माझ्या बुटांकडे. "किती पायऱ्या आहेत?"

मी ऐंशी ठोकून दिलं.

तिने मान हलवली. बूट छान आहेत, म्हणाली. काळजी घे, म्हणाली. वेळ संपली.

२५ तारीख, बुधवार

दुपारी गेलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत माहीत होतं. त्या वळणावर, जिथे बसलो होतो, तिथे शाईचा एक डाग अजून आहे. त्याच्यापुढे त्या बेलनंतर पहिल्यांदाच चढलो. चौथ्यावर एक-दोन दारं सोडली तर सगळ्यांना पोलिसांचं सील. पाचव्यावरही. बँडमास्तरच्या दाराबाहेर एक स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या, उपडा पेला. तांब्यातलं पाणी आटून तळाला पांढरी रेघ राहिलीय. शेजारी शाईचं पॅड. स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणलेलं, झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

बेल वाजवली. दुरुस्त झालीय.

पायऱ्या एकशे आठ आहेत. उतरताना परत मोजल्या, एकशे आठच. ऐंशी नाहीत. पण आत्याला कसं कळणार? त्या इमारतीत ती कितीदा बाळंतपणं करायला गेली असेल, हे खरं. पण अशा घाईत पायऱ्या मोजायला कुणाला वेळ असतो? तिला माहीत नाही. नसणारच.

तर आता तुम्ही, ज्यांच्या हाताला ही वही लागली, तुम्हाला हात जोडतो. माझ्यासाठी नाही. मला कोणी पकडायला तयारच नाही. पण आत सव्वीस माणसं आहेत, त्यांना वाटतंय की कोणीतरी त्यांना मोजलं. कोणीही मोजलं नव्हतं. एकाला जिना चढायचा कंटाळा आला होता आणि काठीची भीती वाटत होती, बस. हे त्यांना कळलं तर त्यांच्याकडे तिथे धरायला काय उरेल?

बँडमास्तरला सांगू नका. शिवणकामवालीला नका सांगू. खुर्चीतल्या आजीला तर नकोच. आणि आत्याला, तिला खरंच माहीत नसेल तर, कधीच नका. कुणालाही सांगू नका. पाया पडतो तुमच्या.